निशाणी डावा अंगठा, बाजारपेठ साऱ्या जगाची

बायोमेट्रिक सुरक्षा तंत्रज्ञानाचा व्यवसाय सीमेवरून विमानतळावर, विमानतळावरून रेशन दुकानात आणि तेथून प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये पोहोचला आहे. मात्र यंत्र चुकले किंवा ठशांचा साठा फुटला, तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न अद्याप अनुत्तरितच आहे.

सही करता न येणाऱ्याच्या नावापुढे ‘नि. डा. अं.’ अशी अक्षरे लिहून अंगठा उमटवून घेण्याची पद्धत महाराष्ट्रातील कचेऱ्यांत आणि सावकारांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अंगठा ही निरक्षरतेची खूण ठरली आणि ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द हिणविण्यासाठी वापरला जाऊ लागला. आज उच्चविद्याविभूषित संगणक अभियंताही अमेरिकेतील विमानतळावर उतरल्यावर दहाही बोटे काचेवर टेकवितो, कार्यालयात शिरताना अंगठ्याने हजेरी लावतो आणि बँकेचे ॲप चेहरा दाखवून उघडतो. अंगठ्याची प्रतिष्ठा वाढली, तसा त्याचा भावही वधारला.

जगभर फोफावलेल्या या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य सहसा चर्चेत येत नाही. सामान्य बाजारात वस्तू विकत घेणारा आणि ती बिघडल्यास फटका सोसणारा हे दोघे एकच असतात. बायोमेट्रिकच्या बाजारात तसे नाही. यंत्रणा विकत घेते सरकार किंवा कंपनी; शरीराची नोंद देतो नागरिक, प्रवासी वा कामगार. यंत्राने ओळख नाकारली किंवा नोंदी चोरीस गेल्या, तर नुकसानही बहुतेक वेळा त्याच्याच पदरी पडते. परवलीचा शब्द फुटला तर तो बदलता येतो. बोट किंवा बुबुळ बदलता येत नाही.

जंगीपूर ते न्यूयॉर्क

हे तंत्रज्ञान पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून आले, असा समज आहे. त्याची प्रशासकीय सुरुवात मात्र भारतातच झाली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत विकसित करण्यात मोलाचा वाटा उचलला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला आणि १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली.

या तंत्राला पहिला संघटित विरोधही भारतीयांनीच केला. ट्रान्सवाल सरकारने आशियाई रहिवाशांना नोंदणी आणि बोटांचे ठसे सक्तीचे करणारा वटहुकूम आणला, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथील सभेत प्रतिकाराची शपथ घेण्यात आली. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो प्रारंभ मानला जातो.

योगायोग असा, की बरोबर ९५ वर्षांनी याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये झालेल्या दहशतवादी हल्ल्याने बायोमेट्रिक व्यवसायाला जागतिक बाजारपेठ मिळवून दिली. २००१ पूर्वी या कंपन्यांचे प्रमुख गिऱ्हाईक म्हणजे पोलीस खाते. हल्ल्यानंतर अमेरिकेने सीमासुरक्षेचा कायदा केला आणि ५ जानेवारी २००४ पासून ‘यूएस-व्हिजिट’ कार्यक्रमान्वये विमानतळांवर व बंदरांवर परदेशी प्रवाशांचे ठसे आणि छायाचित्र घेण्यास प्रारंभ झाला. सुरुवातीला दोन बोटांवर भागत असे. पुढे दहा बोटे घेतली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये चिपयुक्त पारपत्रासाठी चेहरा हे मुख्य ओळखचिन्ह ठरविले. साहजिकच एका देशाने यंत्रे बसविली, की इतरांनाही त्या पंगतीत बसणे भाग पडले.

ही साखळी अद्याप थांबलेली नाही. शेंगेन व्हिसासाठी भारतीय अर्जदारांचे ठसे नोव्हेंबर २०१५ पासून घेतले जाऊ लागले. युरोपीय संघाने १२ ऑक्टोबर २०२५ पासून पारपत्रावरील शिक्क्याची जागा घेणारी प्रवेश-निर्गमन नोंदप्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू केली. अमेरिकेनेही परदेशी नागरिक देश सोडताना त्यांचे छायाचित्र घेण्याचा नियम २६ डिसेंबर २०२५ पासून लागू केला. नोकरी-शिक्षणानिमित्त परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या नोंदी अशा रीतीने एकापेक्षा अधिक देशांच्या संगणकांत जमा होत आहेत.

टेंभलीपासून मनिलापर्यंत

सीमासुरक्षेने बाजारपेठ घडविली, पण तिला खरा आवाका दिला तो भारताने. २००९ मध्ये नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटे, दोन बुबुळे आणि चेहरा अशी तिहेरी नोंद घेणाऱ्या या योजनेने एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. आज वाटप झालेल्या क्रमांकांची संख्या १३० कोटींहून अधिक आहे. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहण्याचा प्रयोग जगात तोवर झालेला नव्हता.

एकाच व्यक्तीची दुबार नोंद शोधण्याचे काम २०१० मध्ये तीन गटांना देण्यात आले: ॲक्सेंचर, महिंद्र सत्यम-मॉर्फो आणि अमेरिकेची एल-१. वर्षभरातच मॉर्फोची मालक असलेल्या फ्रान्सच्या साफ्रान कंपनीने एल-१चा ओळख व्यवसाय सुमारे १०९ कोटी डॉलरांना विकत घेतला. म्हणजेच तीनपैकी दोन गटांचे धागे एकाच कंपनीपर्यंत जाऊन भिडले.

भारताच्या अनुभवाकडे विकसनशील देश अनुकरणीय म्हणून पाहू लागले. बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘मोसिप’ हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प सुरू झाला. फिलिपाइन्स, मोरोक्को, इथिओपिया आदी देशांनी आपल्या राष्ट्रीय ओळख योजनेसाठी त्याचा आधार घेतला. मूळ प्रणाली विनामूल्य असली, तरी ठसे घेणारी यंत्रे, बुबुळाचे कॅमेरे आणि जुळणी करणारी सॉफ्टवेअर विकतच घ्यावी लागतात. बाजारपेठेचा विस्तार होतो तो असा.

तिसरे गिऱ्हाईक म्हणजे सामान्य ग्राहक. ॲपल कंपनीने २०१२ मध्ये ऑथेनटेक ही ठसेवाचक बनविणारी कंपनी ३५ कोटी ६० लाख डॉलरांना घेतली आणि पुढल्या वर्षी बोटाने उघडणारा आयफोन बाजारात आणला. २०१७ मध्ये चेहऱ्याने उघडणारा फोन आला. सप्टेंबर २०१३ मध्ये फोन विक्रीस आल्यानंतर काही दिवसांतच जर्मनीच्या ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ने काचेवरील ठशावरून बनावट बोट तयार करून तो उघडून दाखविला. खपावर त्याचा काही परिणाम झाला नाही. लोकांना सुरक्षेइतकीच सोय हवी होती. भारतात ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय व्यवहारांसाठी आकडी पिनला पर्याय म्हणून ठसा आणि चेहऱ्याची मुभा मिळाली. २०२० च्या करोना साथीत कार्यालयांतील अंगठ्याची हजेरी थांबविण्यात आली, त्यानंतर स्पर्शाविना चालणाऱ्या चेहरा ओळखीला वेग आला.

या बाजाराची उलाढाल किती अब्ज डॉलरांची, याचे अंदाज प्रत्येक संशोधन संस्थेनुसार बदलतात. त्यापेक्षा प्रत्यक्ष झालेले सौदे अधिक बोलके आहेत. थ्रीएमने २०१० मध्ये कॉजेंट ही कंपनी सुमारे ९४ कोटी डॉलरांना घेतली आणि २०१७ मध्ये तिचा समावेश असलेला ओळख व्यवसाय ८५ कोटी डॉलरांना जेमाल्टोला विकला. जेमाल्टोला २०१९ मध्ये थेल्स या संरक्षण सामग्री बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीने सुमारे ४८० कोटी युरोंत गिळंकृत केले. साफ्रानने मॉर्फो २०१७ मध्ये २४० कोटी युरोंहून अधिक किमतीस विकली. तिचेच पुढे ‘आयडेमिया’ असे नामकरण झाले. यंत्राची किंमत स्पर्धेमुळे उतरते. दीर्घ मुदतीच्या सरकारी कंत्राटांना मात्र मरण नसते. एकदा कोट्यवधी लोकांचे ठसे एका कंपनीच्या पद्धतीने साठविले, की पुरवठादार बदलणे सरकारला जड जाते.

दोन प्रकारची ओळख

बायोमेट्रिक तंत्राविषयीची बरीच चर्चा गोंधळाची होते, कारण दोन भिन्न कामे एकाच नावाखाली येतात. पहिले काम पडताळणीचे. समोरची व्यक्ती ‘मी अमुक’ असे सांगते आणि यंत्र तिचा ठसा केवळ त्या ‘अमुक’च्या नोंदीशी ताडून पाहते. मोबाईल उघडताना हेच घडते आणि प्रमुख कंपन्यांच्या फोनमध्ये ठशाची नोंद फोनमधील सुरक्षित चिपमध्येच राहते. दुसरे काम शोधाचे. येथे ‘हा कोण?’ असा प्रश्न असतो आणि यंत्राला साठ्यातील प्रत्येक नोंद तपासावी लागते.

या दुसऱ्या प्रकारात चुकीचे गणित पालटते. दोन वेगळ्या व्यक्तींना एकच समजण्याची चूक दहा लाखांत एकदाच होते, असे गृहीत धरू. एकास एक पडताळणीत हे प्रमाण नगण्य वाटते. पण तोच ठसा शंभर कोटींच्या साठ्यात शोधला, तर सुमारे एक हजार चुकीची नावे पुढे येऊ शकतात. म्हणूनच मोठ्या साठ्यांत एका बोटावर विसंबता येत नाही. दहा बोटे आणि बुबुळे लागतात. रस्त्यावरील कॅमेऱ्यातून टिपलेल्या एका धूसर चेहऱ्याला ही सोय नसते.

त्याचा प्रत्यय अमेरिकेतील डेट्रॉइट येथे आला. घड्याळांच्या चोरीच्या प्रकरणात चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने सुचविलेल्या जुळणीवरून पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एका निरपराध कृष्णवर्णीय नागरिकास घरासमोर अटक केली. सुमारे ३० तास त्याला कोठडीत काढावे लागले. २०२४ मध्ये शहर प्रशासनाने तीन लाख डॉलर भरपाई देऊन तडजोड केली आणि केवळ अशा जुळणीवरून अटक न करण्याचे मान्य केले.

ही चूक अपवादात्मक नव्हती. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, तर सावळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या व्यापक चाचणीत अनेक प्रणालींची चुकीच्या जुळणीची प्रवृत्ती आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत दहा ते शंभर पटींनी अधिक दिसली. तंत्रज्ञान त्यानंतर सुधारले आहे. मात्र जुनी यंत्रे नव्या बाजारात खपविली जातात तेव्हा त्या सुधारणेचा लाभ सर्वांना मिळतोच असे नाही.

झिजलेली बोटे

भारतात चूक उलट्या दिशेनेही होते. यंत्र खऱ्या माणसाला ओळखत नाही. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, विडी वळणे अशा कामांत बोटांच्या रेषा झिजतात. वार्धक्याने त्या पुसट होतात. आधार खटल्यात प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयापुढे पडताळणी अयशस्वी होण्याचे प्रमाण ठशांबाबत ६ टक्के आणि बुबुळांबाबत ८.५४ टक्के असल्याचे सांगितले होते. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने झारखंडमध्ये ४९, तर राजस्थानात ३७ टक्के अपयशाच्या अंदाजांची नोंद घेतली होती.

शहरी वाचकाच्या दृष्टीने अंगठा न जुळणे म्हणजे काही सेकंदांचा मनस्ताप; तो पिन टाकून पुढे जातो. ई-पॉस यंत्रापुढे उभ्या असलेल्या वृद्धेला तो पर्याय दुकानदाराने दिला, तरच मिळतो. २६ सप्टेंबर २०१८ च्या बहुमताच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार योजना वैध ठरविताना पडताळणी न झाल्याच्या कारणास्तव कोणालाही लाभ नाकारला जाऊ नये, अशी अपेक्षा स्पष्ट केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमत निकालपत्रात संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरविला होता.

साठा फुटतो तेव्हा

यंत्राच्या चुकीवर तोडगा निघू शकतो. चोरीस गेलेल्या ठशावर कायमचा तोडगा नाही. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातील माहितीची चोरी उघडकीस आली, तेव्हा ५६ लाख व्यक्तींचे ठसे चोरांच्या हाती लागल्याचे सरकारला मान्य करावे लागले. जगातील सर्वांत संपन्न शासनव्यवस्थेची ही कथा.

तेलंगणमध्ये २०१८ साली यापेक्षा साधा मार्ग वापरला गेला. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील दस्तांतून अंगठ्यांचे ठसे उचलून एका सिमकार्ड विक्रेत्याने रबरी शिक्के बनविले आणि हजारो सिमकार्डे सुरू केली. त्यानंतर विविध राज्यांत आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून बनावट ठशांद्वारे पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले. खरेदीखतावरील ‘निशाणी डावा अंगठा’ हाच चोराच्या हाती किल्ली म्हणून पडला. आधारमधील ठसे ‘लॉक’ करण्याची सोय उपलब्ध आहे. पण ती वापरावी लागते हे अनेकांना खाते रिकामे झाल्यावरच कळते.

सत्तांतरानंतर साठ्याचे काय होते, हे अफगाणिस्तानने दाखविले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यानंतर अमेरिकी लष्कराची ठसे व बुबुळे नोंदविणारी हातयंत्रे तालिबानच्या हाती लागल्याचे वृत्त आले. परकीयांना मदत करणाऱ्या ज्या लोकांच्या ओळखीसाठी त्या नोंदी घेतल्या होत्या, त्यांनाच त्यांची धास्ती वाटू लागली.

कायद्याची किंमत

या धोक्यांवर बाजारपेठ आपणहून उपाय शोधेल, अशी अपेक्षा फोल ठरली आहे. जेथे कायद्याने किंमत लावली, तेथेच कंपन्यांची वर्तणूक बदलली. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००८ मध्येच संमतीशिवाय शरीरचिन्हे गोळा करण्यास मनाई केली आणि बाधित नागरिकाला थेट दावा लावण्याचा अधिकार दिला. या एका कायद्यामुळे फेसबुकला २०२१ मध्ये ६५ कोटी डॉलर मोजावे लागले आणि ती रक्कम वापरकर्त्यांत वाटली गेली. टेक्सास राज्याने आपल्या कायद्यान्वये २०२४ मध्ये मेटा कंपनीकडून १४० कोटी डॉलर वसूल केले. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून इंटरनेटवरील छायाचित्रे सरसकट गोळा करून चेहऱ्यांचे साठे बनविण्यास बंदी घातली.  केनियात क्रिप्टो चलनाच्या बदल्यात लोकांची बुबुळे टिपणाऱ्या ‘वर्ल्डकॉइन’ला सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये थांबविले आणि मे २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने गोळा केलेली माहिती नष्ट करण्याचा आदेश दिला.

भारताचे चित्र संमिश्र आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती फुटल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याचा ठसा गेला त्याला त्यातील छदामही मिळणार नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे ४३ अ हे कलम या कायद्याने रद्द होणार आहे. याच कलमाखालील २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. नव्या कायद्यात तसा वर्गच नाही. शिवाय केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळण्याचे व्यापक अधिकार आहेत.

दुसरीकडे नोंदींचा वापर विस्तारत आहे. २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्याने पोलिसांना बुबुळांच्या नोंदी घेण्याचा आणि त्या ७५ वर्षे जतन करण्याचा मार्ग खुला झाला. विमानतळांवर डिसेंबर २०२२ पासून ‘डिजियात्रा’ आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खासगी आस्थापनांच्या आधार वापराला लगाम घातला होता. जानेवारी २०२५ च्या सुधारित नियमांनी त्यांना मंजुरीच्या अटीवर पुन्हा वाट करून दिली.

सोय आणि उत्तरदायित्व

बायोमेट्रिक तंत्रज्ञान सरसकट नाकारणे आता शक्य नाही आणि इष्टही नाही. तोतयेगिरी रोखण्यात, अनोळखी मृतदेहाची ओळख पटविण्यात, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरिताला बँक खाते मिळवून देण्यात त्याचा उपयोग निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो खरेदीच्या अटींचा. सरकार किंवा कंपनी यंत्रणा घेताना किंमत, वेग आणि अचूकता पाहते. त्याच निविदेत आणखी तीन गोष्टी बंधनकारक करता येतील: जेथे पडताळणीने भागते तेथे मध्यवर्ती साठा न करता नोंद व्यक्तीच्या कार्डावर वा फोनवर ठेवणे, ओळख न जुळल्यास त्याच खिडकीवर, त्याच दिवशी पर्यायी मार्ग देणे, आणि चूक वा चोरी झाल्यास बाधिताला थेट भरपाई देणे.

यांपैकी पहिली गोष्ट तंत्रज्ञानाला आजच साध्य आहे. कोट्यवधी फोन रोज ते सिद्ध करीत आहेत. दुसरीसाठी प्रशासनाची इच्छाशक्ती पुरे. तिसरीसाठी कायदा लागेल, आणि तिलाच सर्वाधिक विरोध होईल. कारण आज फुकट मिळणाऱ्या शरीराच्या नोंदीला तेव्हा प्रथमच किंमत येईल. ती किंमत विक्रेत्याच्या आणि खरेदीदाराच्या हिशेबात धरली जात नाही, तोवर या बाजारातील नफा एकाच्या खात्यावर आणि तोटा दुसऱ्याच्या बोटांवर लिहिला जात राहील.